गॅस दाबनियामक उपकरणांचा आवाज आणि त्याचे नियंत्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाबनियामकातून एवढा आवाज येतो तरी कशामुळे?

दाबनियामक म्हणजे प्रेशर रेग्युलेटर. हा गॅसला एका अरुंद फटीतून जायला लावतो आणि दाब उतरवतो. त्या फटीत गॅसचा वेग प्रचंड वाढतो, आणि फटीतून बाहेर पडताच हा वेगवान झोत पुढच्या संथ गॅसमध्ये घुसून तिथे तीव्र खळबळ माजवतो. आपल्याला ऐकू येतो तो बहुतांशी या खळबळीचा आवाज. नियामकात मोटर नसते, फिरणारा भाग नसतो. त्यामुळे वंगण घालून किंवा नट आवळून हा आवाज जात नाही.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. ताशी १०,००० घनमीटर (प्रमाणित स्थितीतील) नैसर्गिक वायू म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम प्रति सेकंद. फटीत त्याचा वेग ध्वनीच्या वेगाएवढा, म्हणजे नैसर्गिक वायूसाठी सेकंदाला साधारण ४३० मीटर झाला, तर त्या झोतातील गतिज ऊर्जा सुमारे १८५ किलोवॅट भरते. तिचा अवघा दहा हजारावा भाग आवाजात गेला तरी तो १८ वॅट होतो. सर्वसाधारण आवाजात बोलणाऱ्या माणसाची ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की पाइपाच्या आत काय चालले आहे याची कल्पना येते. यातला फार थोडा भाग पोलादी भिंतीतून बाहेर येतो, म्हणूनच नियमन केंद्राच्या, म्हणजे असे नियामक बसवलेल्या जागेच्या, शेजारी उभे राहता येते.

दाब किती उतरवला म्हणजे आवाज हाताबाहेर जातो?

येथे दाबातील फरकापेक्षा दाबांचे गुणोत्तर महत्त्वाचे आहे, आणि तेही निरपेक्ष दाबांचे. मापकावरील आकड्यात वातावरणाचा सुमारे १ बार मिळवूनच ते काढावे. नैसर्गिक वायूसाठी आतला दाब (नियामकात शिरतानाचा) बाहेरच्या दाबाच्या (नियामकातून निघतानाच्या) साधारण १.८५ पटींहून अधिक झाला की फटीतील वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचतो. त्यापुढे बाहेरचा दाब कितीही उतरवला तरी फटीतून जाणारा प्रवाह वाढत नाही. उरलेला दाब फटीच्या पुढे आघात-तरंगांच्या रूपाने खर्च होतो आणि आवाजात भर घालतो.

ही मर्यादा ओलांडू नये, असा सल्ला कागदावर सोपा आहे. मापकावर ४० बार असलेला गॅस ४ बारवर आणायचा, तर निरपेक्ष गुणोत्तर ४१ भागिले ५, म्हणजे ८.२ होते. प्रत्येक टप्प्यात १.८५ च्या आत राहायचे ठरवले तर चार टप्पे लागतात, आणि प्रत्यक्षात एवढी उपकरणे एका ओळीत कोणी बसवत नाही. त्यामुळे बहुतेक केंद्रांत मर्यादा ओलांडलेलीच असते, आणि प्रश्न उरतो तो त्यातून निर्माण होणाऱ्या आवाजाचे काय करायचे, एवढाच.

डेसिबलचे आकडे कसे वाचावेत?

डेसिबल हे लॉगरिदमवर आधारलेले माप असल्यामुळे त्याची बेरीज-वजाबाकी नेहमीच्या पद्धतीने होत नाही. अगदी सारख्या आवाजाची दोन उपकरणे एकत्र चालली तर पातळी ३ डेसिबलने वाढते, दुप्पट होत नाही. १० डेसिबलची घट झाली की माणसाच्या कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की ९५ डेसिबलवरून ९२ वर आणणारा उपाय कागदावर निम्मी ध्वनिशक्ती कमी करतो, पण शेजारी राहणाऱ्याला त्यातला फरक जेमतेम जाणवतो.

बिंदूसारख्या लहान स्रोतापासून अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबलने घटते. मात्र लांबलचक उघडा पाइप हा रेषेसारखा स्रोत असतो आणि त्याच्याजवळ ही घट फक्त ३ डेसिबल असते. केंद्र कुंपणापासून लांब आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी आपला उघडा पाइप किती लांब आहे तेही पाहावे.

नियामकाजवळ आवाज बेताचा आणि पुढच्या पाइपाजवळ जास्त, हे कसे?

हे अगदी अपेक्षित आहे. आवाज फटीच्या लगेच पुढे निर्माण होतो. नियामकाचा देह जाड ओतीव धातूचा असतो, त्यातून तो सहज बाहेर पडत नाही. पुढच्या पाइपाची भिंत मात्र तुलनेने पातळ असते. फटीत गॅस ध्वनीच्या वेगाने जात असेल तर आवाजाला प्रवाहाच्या उलट दिशेने जाणेही अवघड होते, त्यामुळे बहुतेक सगळा आवाज गॅसबरोबर पुढच्या पाइपात जातो. पाइपाच्या आत तो फारच सावकाश क्षीण होतो आणि वाटेत ठिकठिकाणी भिंतीतून बाहेर झिरपत राहतो. नियामकालाच गोधडीसारखे गुंडाळून आवाज कमी होत नाही, तो याच कारणाने. शिवाय तसे गुंडाळणे धोक्याचे आहे; त्याबद्दल पुढे येईलच.

आवाज मोजावा कसा आणि केव्हा?

नियंत्रण व्हॉल्व्हच्या आवाजाचा अंदाज बांधण्यासाठी आयईसी ६०५३४-८-३ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. त्यात ठरवलेला बिंदू व्हॉल्व्हच्या तोंडापासून १ मीटर पुढे आणि पाइपाच्या पृष्ठभागापासून १ मीटर दूर असतो. तुलना करायची असेल तर प्रत्यक्ष मोजमापही त्याच बिंदूवर घ्यावे. त्याखेरीज कुंपणाशी आणि तक्रार येते त्या ठिकाणीही मोजणे आवश्यक आहे, कारण तक्रार कुंपणापलीकडून येते.

मोजमापात सर्वाधिक चूक वेळेबाबत होते. दुपारी मागणी मंद असताना घेतलेली नोंद निरर्थक ठरते. थंडीच्या दिवसांत पहाटे प्रवाह कमाल असतो आणि तेव्हाच आसपासची शांतताही कमाल असते. प्रत्येक नोंदीबरोबर आतला दाब, बाहेरचा दाब आणि प्रवाह हे तीन आकडे लिहिलेच पाहिजेत, नाहीतर वर्षभराने दोन नोंदींची तुलना करता येत नाही. उपकरणाचा प्रवाह थांबवता येत असेल तर आधी पार्श्वभूमीचा आवाज मोजून घ्यावा: एकूण पातळी पार्श्वभूमीपेक्षा १० डेसिबलने अधिक असेल तर दुरुस्तीची गरज नसते, आणि फरक केवळ ३ डेसिबल असेल तर एकूण आकड्यातून ३ वजा करावे लागतात. फक्त एकूण आकडा न घेता वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार नोंद घ्यावी. पुढचा उपाय निवडताना तीच कामी येते. ध्वनिमापक स्फोटजन्य वातावरणात वापरण्यास मान्यताप्राप्त आहे का, हेही केंद्रात शिरण्यापूर्वी तपासावे.

शीळ, गुणगुण, धडधड: हे सगळे एकाच कारणाने होते का?

नाही, आणि हा फरक ओळखल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. सर्व वारंवारतांचा मिळून सलग सूऽऽ असा आवाज असेल तर तो वर सांगितलेल्या झोताचा आहे.

एकाच स्वराची तीक्ष्ण शीळ असेल तर कारण बहुधा वेगळे असते. बंद करून ठेवलेल्या टी-जोडाच्या तोंडावरून गॅस वाहत असेल तर बासरीप्रमाणे एक ठरावीक सूर निघतो. अशा वेळी फांदीची लांबी बदलली किंवा तिच्या तोंडाच्या कडा गोल केल्या की सूर नाहीसा होऊ शकतो. गरजेपेक्षा फार मोठा नियामक बसवला असेल तर कमी मागणीच्या वेळी त्याचा प्लग (फट उघडझाप करणारा भाग) बैठकीला जवळजवळ टेकूनच चालतो, आणि तिथे शीळ किंवा थरथर सुरू होते.

धडधड किंवा हेलकावणारी गुणगुण, जिच्यासोबत दाबमापकाचा काटाही हलतो, ती अस्थिरतेची खूण आहे. नियामक आणि पायलट (मुख्य नियामकाला चालवणारा छोटा नियामक) एकमेकांचा पाठलाग करत असतात. संवेदन-नळी (पुढचा दाब नियामकाला कळवणारी बारीक नळी) चुकीच्या जागी जोडलेली असणे, डायफ्राम (दाबाने हलणारा लवचिक पडदा) किंवा स्प्रिंग झिजलेली असणे, दोन मार्गांचे ठरवलेले दाब एकमेकांच्या फार जवळ असणे अशी त्याची कारणे असतात. यावर कितीही महागडा सायलेन्सर बसवला तरी उपयोग होत नाही. दुरुस्ती आणि जुळणीच करावी लागते.

आणि नवा, बारीक, सततचा फुत्कार ऐकू आला तर आधी गळती तपासावी. गोंगाटाचा विचार नंतर.

उपाय कोठून सुरू करावा?

उगमापासून. आवाज एकदा पाइपात शिरला की तो जिथे जिथे बाहेर पडेल तिथे तिथे अडवावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणाचा खर्च वेगळा. सामान्यतः आधी गॅसचा वेग आणि दाबाचे टप्पे, मग नियामकाच्या आतील रचना, मग सायलेन्सर, मग पाइपावरचे आवरण आणि सर्वांत शेवटी खोली किंवा पेटी, असा क्रम योग्य ठरतो. व्यवहारात नेमका उलटा क्रम दिसतो, कारण भिंत बांधायला गॅस बंद करावा लागत नाही.

कमी आवाजाची ट्रिम म्हणजे काय आणि ती कशी काम करते?

नियामकाच्या आत एका मोठ्या फटीऐवजी शेकडो बारीक छिद्रांचा पिंजरा बसवतात. झोताच्या आवाजाची प्रमुख वारंवारता साधारणतः झोताचा वेग भागिले झोताचा व्यास, याच्या ०.२ पट असते. झोताचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर ती सुमारे १,७०० हर्ट्झ येते, म्हणजे कानाला अगदी स्पष्ट ऐकू येणारी. छिद्र ५ मिलिमीटरचे केले की हीच वारंवारता १७,००० हर्ट्झच्या घरात जाते. एवढी उच्च वारंवारता पाइपाची भिंत अधिक अडवते, हवा अधिक शोषते आणि माणसाचा कान कमी ऐकतो. एकूण ध्वनिऊर्जा फारशी न बदलताही केवळ वारंवारता सरकवल्याने ऐकू येणारा आवाज उतरतो, ही या रचनेतली खरी चतुराई आहे. मात्र छिद्रे एकमेकांच्या फार जवळ असतील तर झोत पुढे जाऊन पुन्हा एकत्र होतात आणि फायदा नाहीसा होतो.

याहून पुढची रचना बहुटप्प्यांची असते. तिच्यात गॅस वळणावळणाच्या मार्गांनी किंवा एकात एक बसवलेल्या अनेक पिंजऱ्यांमधून जातो आणि दाब थोडाथोडा उतरतो.

या रचनेचे तोटेही आहेत. नियामकाची क्षमता घटते, त्यामुळे मोठा आकार निवडावा लागू शकतो. बारीक छिद्रांत धूळ, गंजाचे कण, वेल्डिंगची कचरी अडकते; चांगले फिल्टर नसेल तर ही ट्रिम काही महिन्यांत तुंबू शकते. नवी लाइन पहिल्यांदा सुरू करताना ही काळजी विशेष घ्यावी.

पुढचा पाइप मोठा केल्याने काही फरक पडतो का?

बराच पडतो, आणि हा उपाय मागे राहतो ही खेदाची गोष्ट आहे. मघाचेच ताशी १०,००० घनमीटर आणि मापकावर ४ बार हे उदाहरण घेऊ. १०० मिलिमीटरच्या पाइपात वेग सेकंदाला सुमारे ७१ मीटर येतो, १५० मिलिमीटरमध्ये ३१ आणि २०० मिलिमीटरमध्ये १८ च्या आसपास. ७१ मीटरच्या वेगाला गॅस स्वतःच पाइपात, वळणांवर आणि रेड्यूसरपाशी (पाइपाचा व्यास बदलणाऱ्या जोडापाशी) नवा आवाज निर्माण करतो; मग नियामकात कितीही चांगली ट्रिम घाला, पुढे तिचा लाभ दिसत नाही. नियामकानंतरचा वेग साधारण २० ते ३० मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवणे हे सुरक्षित धोरण आहे. रेड्यूसर एकदम रुंद होणारा नसावा, हळूहळू रुंद होणारा असावा.

पाइपाच्या भिंतीची जाडी दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबलचा फायदा मिळतो. नव्या केंद्रात हा खर्च तुलनेने किरकोळ असतो, जुन्यात मात्र अवघड.

एका मोठ्या नियामकाऐवजी दोन लहान बसवले तर?

प्रवाह दोन सारख्या मार्गांत वाटला तर प्रत्येकाचा आवाज ३ डेसिबलने घटतो आणि दोघांचा मिळून पुन्हा तेवढाच होतो. लहान फटींमुळे वारंवारता थोडी वर सरकते, एवढाच लाभ. एकामागे एक बसवून दाब दोन टप्प्यांत उतरवला तर फायदा अधिक असतो. मात्र लक्षात घ्यावे की साध्या मॉनिटर रचनेत (एक नियामक काम करतो, दुसरा राखीव असतो) पहिला नियामक पूर्ण उघडा राहून नुसता पहारा देतो, दाब उतरवत नाही. दाब वाटून घ्यायचा असेल तर वर्किंग मॉनिटर पद्धतीची, म्हणजे दोन्ही नियामक दाब उतरवतील अशी, जोडणी लागते.

पाइपात बसवायचा सायलेन्सर कधी योग्य?

नियामक बदलता येत नाही, पण त्याच्यापुढे एक-दोन मीटर सरळ जागा आहे, अशा वेळी. याच्या आत सच्छिद्र पत्र्यामागे ध्वनिशोषक भरलेले असते आणि तो नियामकाच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या आधीचा पाइप उघडाच राहतो. त्यातून जाणाऱ्या गॅसचा वेग मर्यादेत हवा, अन्यथा सायलेन्सर स्वतःच वाजू लागतो. आतील शोषक द्रव्य कालांतराने झिजते, तेलकट कणांनी माखते, आणि क्वचित तुटून पुढच्या मीटरपर्यंत वाहत जाते. म्हणून पाहणीसाठी सोय असलेली रचना घ्यावी.

पाइपाला ध्वनिरोधक आवरण घालताना काय पाहावे?

साधारण ५० ते १०० मिलिमीटर जाडीचे मिनरल वूल आणि त्यावर जड थर असलेला पत्रा, अशी ही रचना असते. पाइपांच्या ध्वनिरोधक आवरणांची वर्गवारी आयएसओ १५६६५ या मानकात दिली आहे आणि निविदेत त्यातला वर्ग लिहिणे हे ‘चांगले इन्सुलेशन करावे’ असे लिहिण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त आहे. काम पाहताना एक गोष्ट बारकाईने तपासावी: बाहेरचा पत्रा कोठेही पाइपाला किंवा आधाराच्या ब्रॅकेटला थेट टेकता कामा नये. एका स्क्रूनेही कंपन पत्र्यावर जाते आणि मग तो पत्राच ध्वनिक्षेपकासारखा वाजतो. कमी वारंवारतेला अशा आवरणाचा उपयोग फार थोडा. काही वेळा तो आवाज किंचित वाढतोसुद्धा.

आवरणाखाली ओल साचून पाइप गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही. दाब उतरताना नैसर्गिक वायू दर बारमागे साधारण अर्धा अंश सेल्सिअस थंड होतो, त्यामुळे पाइपावर दव धरते. रंगकाम आणि बाष्परोधक थर याच कारणाने महत्त्वाचे आहेत. नियामकाचा श्वासमार्ग (डायफ्रामच्या बाजूची हवा आतबाहेर होऊ देणारे भोक), पायलट, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला तर गॅस हवेत सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह) आणि गळती तपासायच्या फ्लँजा कधीही झाकू नयेत. श्वासमार्ग बुजला तर डायफ्रामची हालचालच बिघडते आणि दाबावरचे नियंत्रण सुटू शकते.

खोली किंवा पेटी बांधली की प्रश्न सुटतो ना?

शेजाऱ्यांचा सुटू शकतो, आतल्या कर्मचाऱ्याचा वाढतो, कारण कठीण भिंतींवरून परावर्तित होऊन आतली पातळी चढते. आतून ध्वनिशोषक अस्तर लावणे म्हणून आवश्यक ठरते.

दुसरी अडचण वायुवीजनाची आहे. गळती झालेला गॅस साचू नये म्हणून हवेचे झरोके ठेवावेच लागतात आणि आवाज तिथूनच निसटतो. भिंत ४० डेसिबल अडवणारी असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग उघडा असेल तर संपूर्ण भिंतीची कामगिरी जेमतेम २० डेसिबलवर येते. यावर उपाय झरोके बुजवणे हा नव्हे. झरोक्यांना आतून शोषक लावलेले, वाकडे वळण घेणारे हवामार्ग जोडायचे असतात. दाराखालची बोटभर फट आणि पाइप भिंतीतून जातो तिथले भोक हीसुद्धा या हिशेबात धरावीत.

सगळे जमिनीखाली नेले तर?

पुरलेल्या पाइपाचा आवाज माती चांगलाच अडवते. परंतु गॅसमधला आवाज पाइपातून पुढे जातच असतो आणि जिथे पाइप पुन्हा वर येतो, मीटरच्या खोलीत किंवा ग्राहकाच्या भिंतीपाशी, तिथे तो पुन्हा ऐकू येऊ शकतो.

रिलीफ व्हॉल्व्ह उडतो तेव्हाच्या आवाजाचे काय?

तो क्वचित आणि थोडाच वेळ येतो, पण फार मोठा असतो, कारण झोत थेट हवेत सुटतो. व्हेंट सायलेन्सर बसवता येतो. मात्र त्याने निर्माण होणारा प्रतिदाब रिलीफ व्हॉल्व्हची क्षमता कमी करतो का, हे गणित आधी झाले पाहिजे. सुरक्षा व्हॉल्व्हच्या बाबतीत शंका असेल तर आवाज सहन करावा, क्षमता घटवू नये. रिलीफ वारंवार उडत असेल तर मुळातला बिघाड शोधावा.

कमी आवाजाच्या ट्रिमनंतर अल्ट्रासॉनिक मीटर चुकू लागला. संबंध आहे का?

असू शकतो. ट्रिमने ऊर्जा ज्या उच्च वारंवारतेकडे ढकलली, त्याच पट्ट्यात अल्ट्रासॉनिक मीटरचे (उच्च वारंवारतेच्या ध्वनीने प्रवाह मोजणाऱ्या मीटरचे) संवेदक काम करतात. कानाला शांत वाटणारे केंद्र मीटरला गोंगाटाचे असते. मीटर नियामकाच्या आधी ठेवणे हा सर्वांत चांगला मार्ग. ते शक्य नसेल तर मध्ये वळणे आणि टी-जोड ठेवावेत, कारण इतक्या उच्च वारंवारता त्यांच्यावर बऱ्यापैकी अडतात.

आवाजाने उपकरणालाच धोका पोहोचतो का?

होय. पाइपाबाहेर १ मीटरवर साधारण ११० डेसिबल ए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार जुळवलेले डेसिबल) च्या वर पातळी जाऊ लागली की आत प्रचंड कंपन असते. बारीक नळ्यांचे जोड, संवेदन-नळ्या आणि शाखांचे वेल्ड थकून तडकू शकतात. अशा ठिकाणी केवळ आवरण घातले तर कंपन तसेच राहते आणि ऐकू मात्र येईनासे होते. माझ्या मते हा सर्वांत वाईट ‘उपाय’ आहे.

केंद्रात काम करणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

अनेक देशांत आठ तासांसाठी ८५ डेसिबल ए ही कृतीची मर्यादा मानली जाते. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा धरणारी पद्धत घेतली तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे मिळतात. म्हणून लांबणारी दुरुस्ती शक्यतो कमी प्रवाहाच्या वेळी घ्यावी. कर्णरक्षक घातल्यावर गळतीचा फुत्कार आणि सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही; गॅस-शोधक यंत्र आणि खुणांची ठरलेली पद्धत त्यासाठी बरोबर हवी.

घराच्या गॅस मीटरपाशी नियामक गुणगुणतो. स्वतः काही करावे का?

नाही. वास येत असेल तर विजेचे बटण न दाबता, ज्योत न पेटवता बाहेर पडून गॅस पुरवठादाराला कळवावे. वास नसेल तरी गुणगुण कोणते उपकरण चालू असताना येते तेवढे टिपून ठेवावे आणि अधिकृत तंत्रज्ञाला सांगावे. नियामकाचे झाकण उघडून स्प्रिंग फिरवणे म्हणजे घरातल्या प्रत्येक बर्नरचा दाब बदलणे होय.

नवा नियामक मागवताना आवाजाबाबत निविदेत काय लिहावे?

कमाल आणि किमान आतला दाब, बाहेरचा दाब, कमाल तसेच किमान प्रवाह, गॅसचा प्रकार, पुढच्या पाइपाचा व्यास आणि भिंतीची जाडी हे सर्व द्यावे, कारण यांतील एकही गोष्ट गृहीत धरली की आवाजाचा अंदाज बदलतो. पातळी कोणत्या बिंदूवर, कोणत्या पद्धतीने काढलेली आहे आणि ती उघड्या पाइपासाठी आहे की आवरण घातलेल्या, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. सर्वाधिक आवाज नेहमी कमाल प्रवाहालाच येतो असे नाही. आतला दाब कमाल आणि प्रवाह मध्यम असतानाही तो वरचढ ठरू शकतो, म्हणून किमान तीन कार्यबिंदूंसाठी आकडे मागावेत.